चार्टमधली अक्षरं वाटेत कुठं सांडतात?

पावसाळ्यात पंचगंगेची पातळी हा कोल्हापुरात घरोघरचा विषय असतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे आकडे शाळकरी पोरांनाही पाठ. त्यामुळं शिवाजी विद्यापीठात भूगोल, पर्यावरण नाहीतर संख्याशास्त्र शिकणाऱ्या कुणी ना कुणी हा आलेख काढायला घेतंच. आडव्या अक्षावर जून ते सप्टेंबर, उभ्या अक्षावर फूट, इशाऱ्याची पिवळी रेघ, धोक्याची लाल. लॅपटॉपवर सगळं झकास दिसतं. फाइल पेनड्राइव्हवर घालून राजारामपुरीत प्रिंट काढायला जावं, तर रेघा जागच्या जागी आणि अक्षरांच्या ठिकाणी चौकोन, ठिपके किंवा भलतीच इंग्रजी मुळाक्षरं.

"दादा, माझ्याकडं तर बरोबर दिसतंय."

"तुमच्याकडं दिसत असंल की ताई. हितं त्यो फॉन्ट न्हाई."

दुकानातलं हे उत्तर पुष्कळदा बरोबर असतं, पण प्रत्येक वेळी नाही. चार्टमधली अक्षरं तीन वेगवेगळ्या कारणांनी बिघडतात आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे. बिघाड कुठला आहे हे न बघता फॉन्ट बदलत बसलं की रात्र जाते आणि चौकोन तसेच राहतात.

आधी मुळाशी जाऊ. संगणकाच्या लेखी 'क' हे अक्षर म्हणजे फक्त एक क्रमांक असतो. युनिकोडच्या यादीत तो २३२५ आहे. हा 'क' दिसतो कसा, त्याची गाठ किती गोल, दांडा किती जाड, हे त्या क्रमांकात कुठंच नसतं. ते फॉन्टच्या फाइलमध्ये असतं. उद्यमनगरातल्या फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला हे लगेच उमजेल: ऑर्डरच्या कागदावर पार्टचा नंबर असतो, आकार मात्र पॅटर्नमध्ये असतो. कागद दुसऱ्या फाउंड्रीत गेला आणि पॅटर्न इथंच राहिला, तर तिकडचा माणूस त्यातल्या त्यात जवळचा पॅटर्न लावून ओतकाम करणार, नाहीतर हात वर करणार. चार्ट काढणारं सॉफ्टवेअर फाइल बाहेर पाठवताना नेमकं हेच ठरवत असतं, की नुसता नंबर पाठवायचा की पॅटर्नही सोबत द्यायचा.

चौकोन आपल्याच लॅपटॉपवर दिसत असतील तर

मग फाइल पाठवण्याचा प्रश्न अजून आलेलाच नाही. निवडलेल्या फॉन्टात ते अक्षरच नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पायथन ह्या प्रोग्रॅमिंग भाषेत चार्ट काढायला मॅटप्लॉटलिब नावाचं साधन वापरतात. आपण काही सांगितलं नाही तर त्याचा ठरलेला फॉन्ट डेजाव्हू सॅन्स असतो. त्यात रोमन, ग्रीक, रशियन, अरबी असं पुष्कळ काही आहे, देवनागरी मात्र नाही. म्हणून मराठी शीर्षक दिलं की चौकोनांची माळ उमटते आणि खाली अमुक क्रमांकाचं अक्षर फॉन्टात सापडलं नाही अशी सूचना येते. लोक ती वाचत नाहीत. वाचावी, कारण त्यात क्रमांक असतो. देवनागरीसाठी युनिकोडमध्ये २३०४ ते २४३१ अशा १२८ जागा आहेत. सूचनेतला आकडा ह्या पट्ट्यातला असेल तर फॉन्टात मराठी नाही. आकडा ८७२२ असेल तर मराठीचा काही संबंध नाही, ते वजाचं चिन्ह आहे! मॅटप्लॉटलिब ऋण आकड्यांसाठी साधी आडवी रेघ न वापरता गणिती वजाचिन्ह वापरतं आणि काही देवनागरी फॉन्टांत ते नसतं. मराठी फॉन्ट बसवल्यावर अक्षरं आली पण उणे पाचचा 'चौकोन पाच' झाला, हा प्रकार त्यातला. ॲक्सेस डॉट युनिकोड मायनस ही सेटिंग बंद केली की साधी रेघ येते आणि विषय मिटतो.

उपाय सरळ आहे, मराठी असलेला फॉन्ट द्यायचा. नोटो सॅन्स देवनागरी, मुक्ता, लोहित हे फुकट मिळतात. विंडोजवर र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल असायचा, विंडोज ८ पासून निर्मला यूआय आहे. २०२२ मधल्या ३.६ आवृत्तीपासून मॅटप्लॉटलिबला एकापेक्षा जास्त फॉन्टांची यादी देता येते: पहिल्यात अक्षर नसेल तर दुसऱ्यात बघ. डेजाव्हू आधी आणि नोटो नंतर असा क्रम दिला की इंग्रजी, वजाचिन्ह आणि मराठी तिन्ही निभावतात.

एक खोच आहे. नवा फॉन्ट संगणकात बसवला तरी मॅटप्लॉटलिब म्हणतं की तो सापडत नाही. कारण ते दर वेळी सगळे फॉन्ट शोधत नाही, एकदा यादी करून जपून ठेवतं. ती जुनी यादी असलेली फाइल काढून टाकून पायथन पुन्हा सुरू केलं की फॉन्ट दिसायला लागतो. शिवाय फॉन्टचं नाव आणि फॉन्टच्या फाइलचं नाव ह्या दोन वेगळ्या गोष्टी. सॉफ्टवेअरला आतलं नाव हवं असतं.

बारापैकी तीन तालुके

आता खरी गंमत. फॉन्ट मिळाला, चौकोन गेले, अक्षरं आली. तरीही काहीतरी खटकतं.

कोल्हापूर जिल्ह्याच्या बारा तालुक्यांचा स्तंभालेख काढून बघा. करवीर, कागल, आजरा, चंदगड, भुदरगड, राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, हातकणंगले ही नावं ठीक येतात. पन्हाळा, शिरोळ आणि गडहिंग्लज बिघडतात. पन्हाळ्यात 'न' चा पाय मोडून खाली हलंत लटकतो आणि 'ह' वेगळा उभा राहतो. शिरोळात वेलांटी 'श' ला सोडून 'र' च्या डोक्यावर जाऊन बसते. गडहिंग्लजमध्ये दोन्ही अपघात एकाच नावात.

फॉन्ट तोच, मग नऊ नावं नीट आणि तीनच बिघडलेली, असं का?

कारण मराठी अक्षरं साठवण्याचा क्रम आणि दाखवण्याचा क्रम एक नसतो. 'शि' साठवताना आधी 'श', मग वेलांटी. दाखवताना वेलांटी आधी. 'न्ह' साठवताना 'न', हलंत, 'ह' असे तीन क्रमांक, दाखवताना अर्धा 'न' आणि त्याला चिकटून 'ह'. रफार तर साठवताना अक्षराच्या आधी असतो आणि दाखवताना त्याच्या डोक्यावर जातो. ही सगळी उलटापालट करणारा एक वेगळा प्रोग्रॅम लागतो, त्याला शेपिंग इंजिन म्हणतात. हार्फबझ हे त्यातलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिबरऑफिस सगळीकडं तेच राबत असतं, म्हणून आपल्याला ह्या भानगडीचा पत्ताच नसतो. अर्ध्या अक्षरांचे आकार फॉन्टात असतातच. पण ते कधी काढायचे हे सांगणारं कुणी नसेल तर फॉन्ट गप्प बसतो.

मॅटप्लॉटलिबच्या गेली कित्येक वर्षं वापरात असलेल्या आवृत्त्या हे शेपिंग करत नाहीत. एकेक क्रमांक घेतात, त्याचा आकार काढतात, पुढं सरकतात. इंग्रजीला तेवढं पुरतं. मराठीत ज्या शब्दात जोडाक्षर, रफार किंवा ऱ्हस्व वेलांटी नाही तो शब्द सुखरूप सुटतो. म्हणूनच हा दोष पटकन नजरेत येत नाही. पंचगंगेच्या आलेखात बघा: 'पंचगंगा', 'राजाराम बंधारा', 'इशारा पातळी', 'धोका पातळी', 'फूट', 'जून', 'जुलै', एकातही जोडाक्षर नाही, सगळं बिनबोभाट येतं. बिघडतात ते 'ऑगस्ट' आणि 'सप्टेंबर'. अक्षाच्या उजव्या कोपऱ्यात, बारीक टायपात. मार्गदर्शक मॅडमना ते व्हायव्हाच्या दिवशी दिसतं.

इथं फॉन्ट बदलून काहीही होत नाही. मंगल लावा, मुक्ता लावा, 'सप्टेंबर' मोडकाच येणार. मार्ग दुसरे आहेत.

पहिला, लाटेकच्या, म्हणजे प्रबंध-पुस्तकं मांडायच्या सॉफ्टवेअरच्या वाटेनं. मॅटप्लॉटलिबला चार्ट साठवताना पीजीएफ हा बॅकएंड (चार्ट उतरवणारा आतला भाग) वापरायला सांगता येतं. मग अक्षरं मांडायचं काम झीलाटेक हा लाटेकचाच एक प्रकार करतो, आणि त्याला शेपिंग येतं. फक्त फॉन्ट देताना स्क्रिप्ट देवनागरी आहे हेही सांगावं लागतं. ते राहिलं तर झीलाटेकही तुकडेच छापतं, आणि मग लोक म्हणतात की हा उपायही चालत नाही. प्रबंध लाटेकमध्ये लिहिणाऱ्यांनी डोळे झाकून ही वाट धरावी, कारण चार्टमधली आणि मजकुरातली अक्षरंही एकसारखी येतात.

दुसरा, एसव्हीजीच्या वाटेनं. चित्र रेघा आणि मजकुराच्या रूपात साठवणारी ही फाइल. ठरलेल्या सेटिंगनुसार मॅटप्लॉटलिब एसव्हीजीत अक्षरांच्या रेघा करून टाकतं, म्हणजे मोडकी अक्षरं कायमची मोडकी. एसव्हीजी डॉट फॉन्टटाइप ही सेटिंग 'नन' केली तर अक्षरं मजकूर म्हणून जातात. ती फाइल इंकस्केप ह्या फुकट चित्र-सॉफ्टवेअरमध्ये उघडली की इंकस्केप स्वतःचं शेपिंग लावतं, तालुके आपोआप दुरुस्त होतात, आणि तिथून पीडीएफ काढता येते. चार-पाच चार्ट असतील तर मला ही वाट सगळ्यात सोपी वाटते. चाळीस असतील तर नाही.

तिसरा, चार्टच आर भाषेत काढायचा. आरमध्ये मराठीचा हा प्रश्न एका शब्दावर येऊन थांबतो. साधी पीडीएफ ही आज्ञा दिली तर मराठीच्या जागी ठिपके येतात, कैरो पीडीएफ दिली तर सगळं बरोबर. कैरोच्या मागं पँगो आणि त्याच्या मागं हार्फबझ असतं. पीएनजीसारखं ठिपक्यांचं चित्र हवं असेल तर रॅग हे पॅकेजही तितकंच चांगलं.

मराठी आकडे मात्र कुठंच दगा देत नाहीत. ० ते ९ ह्या दहा चिन्हांना कसलीच जोडणी लागत नाही, फॉन्टात असले की झालं. अक्षावरचे आकडे मराठीत करायला कचरणाऱ्यांनी तेवढं तरी बिनधास्त करावं.

जाता जाता श्रीलिपीचं. प्रेसमध्ये चालणारे जुने मराठी फॉन्ट युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचे. त्यात मराठी आकार इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेले असतात आणि अर्ध्या अक्षरांनाही स्वतंत्र जागा असते. त्यामुळं शेपिंग न येणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही ते बिनचूक दिसतात! काही जण अजून ही युक्ती वापरतात. दिसायला काम होतं, पण त्या चार्टमध्ये 'शिरोळ' शोधलं तर सापडत नाही आणि फॉन्ट नसलेल्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा नुसता काला दिसतो. प्रिंटच्या दुकानात चौकोनांऐवजी तसा काला दिसला, तर समजायचं की मजकूर जुन्या फॉन्टातला आहे.

फाइल घराबाहेर पडताना

आता दुकानदाराच्या उत्तराकडं येऊ. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत बांधता येतो, त्याला एम्बेड करणं म्हणतात. बहुतेक सॉफ्टवेअर सगळा फॉन्ट न घालता फाइलमध्ये वापरलेली तेवढीच अक्षरं घालतात. पंचगंगेच्या चार्टात 'ठ' नसेल तर 'ठ' चा आकार फाइलमध्ये जात नाही. छपाईला ते पुरेसं आहे. पण प्रेसमध्ये कोरलड्रॉत ती पीडीएफ उघडून कुणी 'पातळी' चं 'पाठ' करायला गेलं की अडकलंच.

बांधलं नाही तर काय? पीडीएफच्या जुन्या नियमांत १४ फॉन्ट असे होते की ते वाचणाऱ्याकडं असणारच असं धरलं जाई: हेल्व्हेटिका, टाइम्स आणि कूरियर यांचे चार-चार प्रकार, शिवाय सिंबॉल आणि झॅफ डिंगबॅट्स. आरची साधी पीडीएफ अजूनही ह्याच भरवशावर हेल्व्हेटिका न बांधता पाठवते. समोरचा संगणक त्याच्या जागी एरियलसारखं काहीतरी लावतो, नजरेला फरक कळतही नाही, पण संशोधनपत्रिकांची तपासणी यंत्रणा मात्र फॉन्ट एम्बेड नाही म्हणून फाइल परत पाठवते. डिंगबॅट्सचा किस्सा आणखी मजेशीर. आर पूर्वी आलेखातले छोटे गोल ठिपके त्या फॉन्टातलं चिन्ह म्हणून काढायचं. फॉन्ट सापडला नाही की ठिपक्यांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा सडा पडायचा. आरच्या नव्या आवृत्त्यांत ही सवय मुळातच बंद केली आहे.

मॅथेमॅटिका हे गणिताचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचं दुखणं ह्याच जातीचं. ते सॉफ्टवेअर कंस आणि गणिती चिन्हं आपल्या स्वतःच्या खास फॉन्टांतून घेतं. तुम्ही लेबलला एरियल दिलं तरी कंस त्या खास फॉन्टातलाच. ईपीएस फाइल (पोस्टस्क्रिप्ट ह्या छपाईच्या भाषेत साठवलेलं चित्र) दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की आकडे जागेवर आणि कंस किंवा वजाचिन्ह गायब. उणे तीनचं तीन होणं हे वाकड्या अक्षरापेक्षा वाईट, कारण ते चुकलंय हे कुणाच्या लक्षातच येत नाही. प्रायव्हेट फॉन्ट ऑप्शन्समध्ये ऑपरेटर सब्स्टिट्यूशन बंद केलं की चिन्हंही निवडलेल्या फॉन्टातूनच येतात.

मॅटलॅब ह्या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या पद्धतीनं ईपीएस काढताना पोस्टस्क्रिप्टला ठाऊक असलेलेच ठरावीक फॉन्ट चालत, बाकी कुठलाही दिला की कूरियर लागायचा. म्हणून जुन्या प्रबंधांत मधेच टंकलेखन यंत्रासारखी अक्षरं असलेले आलेख दिसतात. २०२० पासून एक्सपोर्टग्राफिक्स ही आज्ञा आहे, ती वापरावी आणि कंटेंट टाइप 'व्हेक्टर', म्हणजे रेघांच्या रूपात, असं स्पष्ट सांगावं. 'ऑटो' वर सोडलं तर गुंतागुंतीच्या आलेखाचं मॅटलॅब स्वतःच्या मनानं ठिपक्यांचं चित्र करून टाकतं.

मॅटप्लॉटलिब फॉन्ट बांधतं, पण ठरलेल्या सेटिंगनुसार टाइप ३ ह्या प्रकारानं. छपाईला अडचण नाही. आयट्रिपलईसारख्या प्रकाशकांना मात्र टाइप ३ चालत नाही. पीडीएफ डॉट फॉन्टटाइप ४२ केलं की ट्रूटाइप म्हणून बांधलं जातं. हा ४२ कुठून आला असं बरेच जण विचारतात: ट्रूटाइप फॉन्ट पोस्टस्क्रिप्टमध्ये गुंडाळण्याच्या प्रकाराचा तो क्रमांक आहे, एवढंच.

फॉन्ट बांधला गेलाय का हे बघायला दुकानापर्यंत जायची गरज नाही. ॲडोबी रीडरमध्ये फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्ट्स नावाचा कप्पा असतो, तिथं प्रत्येक फॉन्टपुढं एम्बेडेड सबसेट असं लिहिलेलं हवं. लिनक्सवर पीडीएफफॉन्ट्स ही आज्ञा तेच एका तक्त्यात दाखवते. 'एम्ब' च्या रकान्यात 'नो' दिसलं की दुकानदार खरा. 'युनि' चा रकाना सांगतो की त्यातला मजकूर पुन्हा कॉपी केला तर मराठी म्हणून परत मिळण्याची सोय आहे का. प्रबंध नंतर कुणाला शोधता यावा असं वाटत असेल तर तो रकानाही बघावा.

हे सगळं वाचून पुष्कळांचा सूर असतो की पीएनजी काढा आणि मोकळे व्हा. चित्रात अक्षरं गोठतात, फॉन्टचा प्रश्नच उरत नाही, हे खरं. पण मॅटप्लॉटलिबचं पीएनजी मुळात ६४० बाय ४८० ठिपक्यांचं असतं. ते ए-फोर पानभर ताणलं की 'इशारा पातळी' धुक्यात गेल्यासारखी दिसते. काढायचंच असेल तर ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, काढा. आणि शेपिंग चुकलेलं असेल तर पीएनजीतही पन्हाळा मोडकाच राहणार, तिथं ह्या उपायाचा काडीचा उपयोग नाही. "मग चार्टवर इंग्रजीच ठेवा ना" हा दुसरा सल्ला, आणि तो विभागाविभागांत दिला जातो. मराठीतून लिहिलेल्या प्रबंधात चार्ट तेवढा इंग्रजी ठेवायचा, तोही एका सेटिंगपायी, हे मला पटत नाही.

अक्षरांच्या आकाराचं दुखणं फॉन्टचं नाही, पण तक्रार त्याच नावानं येते म्हणून सांगतो. मॅटप्लॉटलिबचा चार्ट ६.४ इंच रुंद असतो आणि अक्षरं १० पॉइंटची. तो शोधनिबंधाच्या साडेतीन इंची स्तंभात बसवला की अक्षरं साडेपाच पॉइंटच्या आसपास उतरतात. इंग्रजी कशीबशी वाचता येते. मराठीत मात्र शिरोरेषेच्या वर वेलांटी आणि अनुस्वार, खाली उकार, अशी तीन मजल्यांची दाटी असते, तिथं 'हिं' आणि 'हि' सारखेच दिसू लागतात. चार्ट आधीच साडेतीन इंचाचा काढावा आणि मग अक्षरं ८-९ पॉइंटची ठेवावीत.

राहता राहिला प्रेसवाला. काही फॉन्टांच्या परवान्यात एम्बेड करायला मनाई असते आणि ती खूण फॉन्टच्या फाइलमध्येच असते, सॉफ्टवेअर मग मुकाट्यानं फॉन्ट वगळतं. अशा वेळी किंवा प्रेसमध्ये नेमकं काय उघडणार हे माहीत नसेल तेव्हा इंकस्केपमध्ये सगळी अक्षरं रेघांमध्ये बदलून द्यायची. मग कुठल्याच संगणकावर कुठलाच फॉन्ट लागत नाही. अट एवढीच की मजकूर असलेली मूळ फाइल वेगळ्या नावानं जपून ठेवायची. रेघा झालेल्या 'गडहिंग्लज' मध्ये शुद्धलेखनाची चूक निघाली तर तिथं टाइप करायला अक्षर उरलेलं नसतं.